तुमच्याशिवाय कसं चालेल?

जुलैच्या मध्यावर पौड ओलांडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना खाचरं तुडुंब भरलेली दिसतात आणि माझं डोकं फिरतं. बाकीच्यांना तिथे हिरवळ दिसते, धबधबे दिसतात, कोळशावर भाजलेली कणसं दिसतात. गाड्या कडेला लावून माणसं फोटो काढतात आणि 'आहाहा' म्हणतात. म्हणोत बापडी. मला चिखलणीचा तो वास आला की आधी राग येतो, आणि बाकीचं सगळं त्याच्यामागून येतं.

यंदाही आले आहे. मारुतीच्या खाचरात पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी आहे, हातात भाताच्या रोपांची मूठ आहे, डोक्यावर लक्ष्मीवहिनींनी दिलेलं प्लास्टिकचं इरलं आहे. लक्ष्मीवहिनी म्हणजे मारुतीची बायको. मारुती अजून आलेला नाही. तो वर डोंगरावर आहे, विद्यापीठात कामावर, आणि जेवायच्या वेळेपर्यंत रजा मिळवून येतो असं सांगून गेला आहे. ढग जरा सरकले की इथून विद्यापीठाची इमारत दिसते, पांढरी, लांबलचक, खिडक्याच खिडक्या. त्या इमारतीतल्या एकमेव बिनखिडकीच्या खोलीत मी नऊ वर्षं काढली.

नव्याण्णव साली उदगीरहून इथे आले तेव्हा डोंगरावर दोनच इमारती होत्या. मी संगणक विभागात लागले. विभाग म्हणजे एक खोली, तीत एक सर्व्हर, एक एसी आणि मी. आमच्याकडे पाऊस म्हणजे आभाळाकडे डोळे लावून वाट बघायची गोष्ट. इथे तो आडवा यायचा, दाराच्या फटीतून यायचा, केबलीच्या पाइपातून सरळ आत यायचा. सीडींवर बुरशी धरायची. कपाटातल्या वायरींना पांढरी लव फुटायची. गच्चीवरच्या डिशवर माकडं येऊन बसायची आणि मग कुलगुरूंपासून ग्रंथपालांपर्यंत सगळ्यांचे फोन मलाच यायचे की इंटरनेट का बंद. एसीच्या गारठ्यामुळे मी भर जुलैत स्वेटर घालून बसायचे आणि व्हरांड्यातल्या पाण्यामुळे पायात गमबूट. त्या अवतारात पहिल्यांदा मारुतीने मला पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, तुमी थंडीला आलाय का पावसाला?"

मारुती जनरेटर बघायचा. जनरेटर, बॅटऱ्या, एसी, जे जे म्हणून घरघरतं ते सगळं त्याच्याकडे. त्याचं गाव खालीच, धरणाच्या अंगाला. त्याच्या पदाचं नाव ऑपरेटर. लागला तेव्हा ऑपरेटर होता, आजही ऑपरेटरच आहे.

आता या तालुक्यातली गंमत बघा. भाताची लावणी जुलैत आणि विद्यापीठाचे प्रवेशही जुलैत. खाली चिखलणी सुरू झाली की वर ऑनलाइन अर्ज सुरू. खाली बैल चिखलात फसायचे, वर सर्व्हर. हजारो मुलं एकाच दिवशी अर्ज भरायला बसणार, त्याच दिवशी वीज जाणार, त्याच दिवशी मारुतीचा तरवा लावणीला आलेला असणार. तरवा म्हणजे दाटीने पेरून वाढवलेली रोपं. ती वेळेत उपटून मोकळ्या खाचरात लावावी लागतात. मारुती दर वर्षी रजा मागायचा आणि दर वर्षी त्याला एकच उत्तर मिळायचं की ऐन प्रवेशात रजा कसली मागता.

माझ्या दुसऱ्या जुलैत तो रजा नाकारून घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. मीच म्हटलं, "जा तुम्ही. जनरेटर कसा चालवायचा तेवढं मला दाखवून ठेवा, मी बघते." त्याने दाखवलं. मी बघितलं. त्याची लावणी झाली. झाल्यावर तो पुन्हा दाराशी आला आणि गंभीर चेहरा करून म्हणाला, "मॅडम, तुमचं शेत कुटं हाय?"

"उदगीरला. का हो?"

"भात हाय का तितं?"

"नाही. तूर आणि सोयाबीन."

"मग आता आमी तुमची सावड फेडायची कशी?"

सावड हा शब्द मला तेव्हा कळला. आज आम्ही तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही आमच्या. मजुरी नाही, उपकारही नाहीत. ज्याची लावणी आली त्याच्या बांधावर सगळे जातात आणि एकेकाचं रान हातावेगळं होतं. गावात हे इतकं सवयीचं की त्याला कुणी चांगुलपणासुद्धा म्हणत नाही. मी हसून म्हटलं, राहू द्या हो. मारुतीला ते अजिबात पटलं नाही. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या कसं? पडून ऱ्हाईल. अडलं की सांगा."

पुढच्या रविवारी मी हौस म्हणून त्याच्या खाचरात गेले. लक्ष्मीवहिनींनी माझ्या हातात रोपं दिली आणि माझी लावणी बघून त्यांना हसू आवरेना. "मॅडम, त्येचा गळा आवळू नगा. दोन बोटांत धरायचं न् चिखलात सोडून द्यायचं. त्ये आपलं आपन उभं ऱ्हातंय." दुपारी बांधावर तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. हाताला दोन दिवस चिखलाचा वास होता, आणि सर्व्हरच्या त्या, बुरशीवर उपाय म्हणून कापूर ठेवलेल्या कोंदट खोलीत तो मला फार बरा वाटला.

मग विभाग वाढला. गायकवाड आला. उरवड्याचा मुलगा, तिथल्याच एका कारखान्यात यंत्रांची दुरुस्ती करता करता शिकलेला, आणि नेटवर्कमध्ये त्याला विशेष गती. इमारती वाढल्या, मुलं वाढली, एका सर्व्हरचे बारा झाले. माणसं मात्र आम्ही तिघंच. तेव्हा आम्ही न ठरवताच सावडीवर आलो. गायकवाडची बाहेरून एम.एस्सी.ची परीक्षा असली की त्याचं काम मी आणि मारुतीने ओढायचं. चौदा एप्रिलला तो उरवड्यात मिरवणुकीत, तर इकडे त्याचा फोन माझ्याकडे. माझे वडील गेले तेव्हा मी तेरा दिवस उदगीरला होते आणि इथे काही बंद पडलं नाही. प्रत्येकाला प्रत्येकाचं काम येत होतं, कारण आम्ही एकमेकांना शिकवलं होतं. विद्यापीठाने आम्हाला काही शिकवल्याचं मला आठवत नाही.

नाही, चुकले. एकदा शिकवलं. कर्मचारी विकास म्हणून आमच्यासाठी एक व्याख्यान ठेवलं होतं, ताणतणावांवर. पुण्याहून एक गृहस्थ आले. त्यांचा प्रोजेक्टर चालेना, तो आम्हीच लावून दिला. मग त्यांनी आम्हाला श्वास कसा घ्यायचा ते सांगितलं. मारुती शेजारी बसून अगदी मन लावून श्वास घेत होता. मध्येच वीज गेली आणि सगळ्यांनी अंधारात त्याच्याकडे बघितलं.

शिक्षकांसाठी उजळणी वर्ग असायचे, परिषदा असायच्या. व्याख्याता लागलेला माणूस पुढे कोण होणार आणि त्यापुढे कोण, हे त्याला पहिल्याच दिवशी माहीत असायचं. आम्ही शिक्षकेतर. हा शब्द कुणी काढला देव जाणे. तुम्ही कोण आहात ते सांगायचं नाही, कोण नाही तेवढं सांगायचं. स्वयंपाकघरात कुणी डब्यावर 'तांदळेतर' असं लिहून ठेवतं का? डाळीला डाळ म्हणतात. आम्हाला मात्र कुणी नाव द्यायला तयार नव्हतं, आणि जिथे नाव नाही तिथे बढती कशाची देणार?

म्हणून दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात 'संगणक सेवा प्रमुख' असं एक नवं पद निघालं तेव्हा मला किती आनंद झाला असेल ते बघा. पात्रतेत पदवी हवी होती, ती होती. अनुभव हवा होता, तो तर पोत्याने होता. आणि एक मान्यताप्राप्त प्रशिक्षण हवं होतं, सेवा-व्यवस्थापनाचं, दोन आठवड्यांचं. ते तेवढं नव्हतं.

मला ते पद हवं होतं. मी ते तेव्हाही असंच सरळ बोलले आणि ते पुष्कळांना खुपलं. आस्थापना विभागातल्या एक बाई मला म्हणाल्या, "तुम्हाला हो काय कमी आहे? खोली जवळ, काम सवयीचं, कुणाची कटकट नाही." प्राध्यापकाला पुढे जावंसं वाटलं तर ती प्रगती, आणि सर्व्हर बघणाऱ्या बाईला वाटलं तर ती हाव. मला माझ्या कामाबद्दल निर्णय घ्यायचे होते. बॅटऱ्या मरायच्या आधी बदलायच्या होत्या, मेल्यावर नव्हे. आणखी दोन माणसं घ्यायची होती. मारुतीच्या पदापुढे एक तरी पायरी बांधायची होती. हे सगळं मी बैठकांमध्ये दाराजवळच्या खुर्चीवर बसून सांगत आले होते आणि दर वेळी कुणीतरी म्हणायचं, "छान मुद्दा आहे. तेवढा तो माइक बघता का?"

प्रशिक्षण हैदराबादला होतं, आणि अर्थातच जुलैत. मी परवानगी मागायला कुलसचिवांकडे गेले. कुलसचिव सौम्य माणूस. कधी आवाज चढवला नाही, चहा स्वतःच्या हाताने पुढे करायचे, मला ताई म्हणायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही गेलात तर इथे कोण? तुमच्याशिवाय कसं चालेल?"

हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं. दर दोन वर्षांनी कुठलं ना कुठलं प्रशिक्षण निघायचं, मी विचारायचे आणि हे वाक्य यायचं. खरं सांगायचं तर पहिल्या खेपेला मला ते कौतुक वाटलं होतं. मी आईला फोन करून सांगितलं होतं की माझ्याशिवाय इथे पान हलत नाही. तिने ते शेजारीपाजारी सांगितलं. पण त्या दिवशी चहाचा कप हातात धरून मला लख्ख दिसलं की हे कौतुक नाही, हा खुंटा आहे. प्रशिक्षण नाही म्हणून पद नाही, आणि सोडता येत नाही म्हणून प्रशिक्षण नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. आणि दोन्ही गोष्टी एकच माणूस एकाच टेबलामागून हसून सांगत होता.

मी खोलीत येऊन स्वेटर खुर्चीवर आपटला. गायकवाड वायरी जोडत होता, मारुती एसीखाली बादली लावत होता. दोघांनी ऐकलं. मारुती म्हणाला, "मॅडम, तुमची सावड आमच्याकडं पडून हाय की. किती वर्सं झाली. जावा तुमी."

"आणि तुमची लावणी?"

"ती पन हुईल. सावड म्हंजे काय योकट्यानं करायची आसती व्हय?"

मी माझी शिल्लक रजा टाकली, माझ्या खर्चाने निघाले. कुलसचिवांनी सही केली, पण सही करताना म्हणाले, "काही बंद पडलं तर जबाबदारी तुमची हं, ताई." मी हो म्हटलं. काय भाबडी होते मी! मला वाटलं, आता यांना दिसेल आपण विभाग कसा बांधलाय ते.

हैदराबादला ऊन होतं. मला पावसाची इतकी सवय झालेली की कोरड्या कपड्यांचं आश्चर्य वाटायचं. वर्गात देशभरातली माणसं होती, माझ्यासारखीच, कुणी इस्पितळाचे सर्व्हर बघणारी, कुणी बँकेचे. आम्ही इतकी वर्षं जे आपल्या मनाने करत होतो त्याला तिथे नावं होती, शास्त्र होतं, पुस्तकं होती. मला वर्गात बसून चक्क रडू आलं. आपण करतो ते काम हे काम आहे, असं कुणीतरी फळ्यावर लिहून दाखवत होतं. रोज संध्याकाळी मी गायकवाडला फोन लावायचे. मागे पत्र्यावर पावसाचा तडतडाट आणि त्याचा शांत आवाज, "सगळं सुरू आहे मॅडम. तुम्ही तुमचं शिका."

काय काय झालं होतं ते मला परत आल्यावर कळलं. वीज पडून एका इमारतीचं नेटवर्क जळालं होतं. गायकवाडने ते बदललं आणि अर्ज भरणाऱ्या मुलांना कळलंसुद्धा नाही. मारुती सकाळी खाचरात आणि नंतर जनरेटरवर. त्याचे हात कमी पडले तेव्हा गायकवाडची आई आणि दोन बहिणी उरवड्याहून एसटीने आल्या आणि त्याच्या खाचरात उतरल्या. त्यांनी आणि लक्ष्मीवहिनींनी एका बांधावर बसून एका भांड्यातलं कालवण खाल्लं. गावात काही लोकांच्या भुवया वर गेल्या. वहिनी म्हणाल्या, "ज्येंच्या भुवया वर ग्येल्या, त्येंनी यायचं हुतं की लावायला."

असा सगळा त्या जुलैचा ऐवज घेऊन मी मुलाखतीला गेले. लांब टेबल, पलीकडे समिती, मध्ये कुलसचिव. प्रमाणपत्र बघितलं गेलं, माना हलल्या. मग त्यांनी नेहमीच्या सौम्य आवाजात विचारलं, "ताई, तुम्ही ऐन प्रवेशात दोन आठवडे नव्हता."

"हो सर."

"आणि काहीच अडलं नाही."

"नाही सर. काहीच नाही." मी छाती काढून सांगितलं.

"हेच समितीच्याही लक्षात आलं," ते म्हणाले. "म्हणजे यंत्रणा आता आपोआप चालते. मग त्यासाठी स्वतंत्र प्रमुख नेमायची खरंच गरज आहे का, असा विचार चालू आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी असले तर माझ्याशिवाय चालत नाही म्हणून मला हलता येत नाही. मी नसले आणि चाललं, तर मग माझी गरजच काय! धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. बंद पाडून गेले असते तर? तर बेजबाबदार ठरले असते. म्हणजे या खेळात आम्ही जिंकण्याचा एकही डाव नव्हता, आणि पत्ते त्यांनीच पिसलेले.

आणि तो शब्द. आपोआप! अहो, काय आपोआप चालतं या जगात? तुमचे दिवे आपोआप लागतात? मारुती भिजत जाऊन तो राक्षस सुरू करतो म्हणून लागतात. तुमचा निकाल आपोआप दिसतो? गायकवाडने जेवणाचा डबा न उघडता बाजूला सारलेला असतो म्हणून दिसतो. जे काम नीट झालं की दिसत नाही, ते करणाऱ्याला या देशात कुणी माणूसच समजत नाही. बिघडलं की तेवढी आमची नावं सगळ्यांना पाठ. मी हे सगळं त्या खोलीत बोलायला हवं होतं. मी फक्त "ठीक आहे सर" म्हटलं आणि उठले.

पद रद्द झालं नाही, ही त्यावर कडी. त्याचं नाव 'संचालक' असं मोठं करून एका प्राध्यापकांना जोडकाम म्हणून दिलं. माणूस वाईट नव्हता. आठवड्यातून एकदा यायचे, सगळं छान आहे ना विचारायचे, कधीमधी स्वतःचा पासवर्ड विचारायचे. आमच्या विभागाच्या कार्यपद्धतीवर त्यांनी बाहेर कुठल्याशा परिषदेत भाषण केलं. त्याच्या स्लाइड गायकवाडने करून दिल्या. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. त्यांनी स्वतःहून काढलेला आदेश मला एकच आठवतो. नेटवर्कचा माणूस जनरेटर चालवतो हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, तेव्हा त्यांनी फतवा काढला की यापुढे कर्मचाऱ्यांनी परस्पर कामांची अदलाबदल करू नये, ज्याचं काम त्यानेच करावं. झाली आमची सावड बंद. जिच्या जोरावर सगळं आपोआप चालत होतं तीच त्यांनी मोडली, आणि मोडली हे त्यांना कळलंही नाही.

मुलाखतीची हकीकत मी त्याच आठवड्यात या खाचरात सांगितली होती. उशिराची लावणी उरकत होती. लक्ष्मीवहिनी कमरेत वाकलेल्या, ऐकता ऐकता सरळ उभ्या राहिल्या आणि इतक्या हसल्या की त्यांचं इरलं पडलं. "आपोआप व्हय?" त्या म्हणाल्या. "मग भात बी आपोआपच येत आसंल की आमचं." तेव्हापासून या घरात तो शब्द चालू झाला. भाकरी झाली की आपोआप झाली, म्हैस दुभली की आपोआप दुभली. मला मात्र तेव्हा हसू आलं नाही.

तरी मी आणखी दोन वर्षं थांबले. का थांबले ते मला आजही नीट सांगता येत नाही. सवय असेल. किंवा त्या बारा यंत्रांवर खरोखरच जीव होता. शेवटी हिंजवडीच्या एका कंपनीत काम मिळालं आणि मी जवळच्याच जांबे गावात खोली घेतली. तिथे माझा साहेब माझ्याहून वयाने पुष्कळ लहान आहे. पण पुढची पायरी कोणती आणि तिला काय लागतं हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं, आणि जे लागतं ते कंपनी शिकवते. ती काही देवमाणसं नाहीत. माणूस एका जागी कोंडला की सोडून जातो, एवढा व्यवहार त्यांना कळतो.

राजीनामा घेऊन गेले तो दिवसही जुलैचाच. कुलसचिवांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "ऐन प्रवेशात? ताई, तुमच्याशिवाय कसं चालेल?"

मी या क्षणासाठी दोन वर्षं एक वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं. ते म्हटलं. "सर, आपोआप चालेल. तुम्हीच म्हणाला होता." मला वाटलं, आता तरी त्यांना लागेल. त्यांनी मान हलवली, कागदावर शेरा मारला आणि विचारलं, "पासवर्ड सगळे कुणाकडे देऊन जाताय?" स्वतःचं वाक्य त्यांच्या लक्षातच नव्हतं. त्यांनी जे सहज म्हटलं होतं ते मी दोन वर्षं उराशी धरून बसले होते. पिरंगुटचा घाट उतरेपर्यंत माझे डोळे रागाने भरलेले होते.

जग असंच असतं, असं मला पुष्कळजण सांगतात. सगळ्याच संस्थांमध्ये असं असतं, मनाला लावून घेऊ नका. ज्यांना कधी काही लागलं नाही तेच हे सांगतात असा माझा अनुभव आहे. मी लावून घेतलं आहे आणि ते तसंच राहू देणार आहे. मी निदान निघू शकले. मारुतीला कुठे जाता येतं? त्याचं घर इथे, खाचर इथे, आणि वर सावड करायची बंदी. म्हणून दर जुलैत मी रजा काढून येते. त्याने माझ्यासाठी ओढलेले ते दोन आठवडे माझ्याकडे अजून पडून आहेत.

जेवायची वेळ टळून गेली आहे. लक्ष्मीवहिनींचा मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचलेला असतो, तो वाजला. चिखलाचा हात पदराला पुसून त्यांनी तो पिशवीसकट कानाला लावला, ऐकला आणि परत खोचला.

"न्हाई येत म्हनत्यात," त्या म्हणाल्या. "रजा न्हाई दिली. परवेश हायेत न्हवं. सायेब म्हनले, तुमच्याबिगर कसं चालंल."

तेच वाक्य. तीच खोली असेल, तोच सौम्य आवाज, कदाचित चहासुद्धा. मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला राग नाही का येत?"

"येतुया की. लई येतुया. पन तरवा थांबतुया व्हय? आजून आठ दिस हितंच ऱ्हायला तर गाठ धरतुया त्यो. मग न्हेऊन लावा कुटंबी, दाना भरत न्हाई." त्यांनी बांधावरची एक मूठ उचलून माझ्याकडे टाकली. "चला, त्येंच्या वाट्याचं खाचर बी आता आपल्यालाच धरायचं."

मी मूठ झेलली आणि बांध ओलांडून मारुतीच्या वाट्याच्या खाचरात उतरले. पाणी गार होतं. डोंगरावर वीज चमकली, पाठोपाठ गडगडाट झाला, आणि वरच्या त्या पांढऱ्या इमारतीतले सगळे दिवे एकदम गेले. आम्ही दोघी वाकलेल्या तशाच थांबून वर बघत राहिलो. थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज होता. मग लांबून जनरेटर खोकला, धडधडला, आणि खिडक्या एकामागून एक पुन्हा उजळल्या.

लक्ष्मीवहिनींनी मान खाली घातली आणि पुढचं रोप लावलं.

"सुरू झालं बगा," त्या म्हणाल्या. "आपोआप."